टाचणीच्या डोक्याएवढा सोमल

माझा स्वभाव तापट. हे मी आता कबूल करते, तेव्हा करत नव्हते. नागपूरला दाताच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं, लग्न होऊन भंडाऱ्याला आले आणि सासऱ्यांच्या पितळी भांड्यांच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत दवाखाना थाटला, तेव्हा सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं. एका दारातून घागरी-परातींचा खणखणाट यायचा, दुसऱ्या दारातून माझ्या रोग्यांची बोंब. सासरे म्हणायचे, दोन्ही आवाज चांगले, रस्त्यावरच्या माणसाला कळतं की इथं काहीतरी चालू आहे.

दात दुखायला लागला की माणूस आधी घरचे सगळे उपाय संपवायचा. लवंग व्हायची, तंबाखूची गोळी व्हायची, शेवटी बिब्ब्याचं तेल व्हायचं. त्या तेलानं हिरडी भाजून निघाली की मग माझी आठवण. आणि एवढं सगळं तोंडात कोंबून आलेला माणूस माझ्या हातातली चिमुकली बाटली पाहून विचारणार, "बाई, हे अवशद अंगात त नाई पसरत?" दिवसातून चार वेळा तंबाखूची गुडाखू दातांना घासणाऱ्या बायका हे विचारायच्या. एकदा चिखल्याच्या खाणीतला एक मजूर आला होता. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आलेला, तरी भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांत मँगनीजची काळी पूड बसलेली. गुळणी केली तर चिलमचीत काळं पाणी. तोही तेच विचारायला लागला. मी म्हटलं, "दादा, तुमच्या अंगात आता पसरायला जागा कुठं उरली आहे?" बिचारा तोंड उघडं ठेवूनच हसला.

मग माझं ठरलेलं वाक्य मी सुनावायची, "दातातलं औषध दातातच राहतं." हे वाक्य म्हणताना माझा आवाज असा काही लागायचा की पुढं विचारायची कोणाची छाती होत नसे.

वाक्य अर्धं खोटं होतं, आणि ते मला माहीत होतं. दाताच्या पोटात जी नस असते, तिच्यासोबत रक्ताच्या बारीक वाहिन्या असतात. रक्त आलं म्हणजे सगळ्या अंगाची वाट आली. तिथं ठेवलेलं औषध थोडं का होईना त्या वाटेनं जाणारच. किती जातं आणि जाऊन काय करतं, यावर परीक्षेत मी दोन पानं लिहून चांगले गुण मिळवले होते. रोग्यांशी बोलायची परीक्षा मात्र कोणी घेतली नव्हती.

त्या औषधांपैकी एक होता सोमल. बारक्या डबीत काळसर लेप. दाढेची नस सुजून ठणकत असली की इंजेक्शनही नीट लागायचं नाही, आणि सुई पाहूनच अर्धी माणसं खुर्चीतून उठून चालू लागायची. तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढा लेप किडलेल्या खड्ड्यात ठेवायचा, वर कापूस, वर लवंगेच्या वासाचं सिमेंट. दोन दिवसांत नस मरते, ठणका बंद. तिसऱ्या दिवशी लेप काढायचा म्हणजे काढायचाच. राहिला तर मुळाखाली उतरून हाड खातो, बाहेर झिरपला तर हिरडी खातो. आमचे सर सांगायचे, नाव घेऊ नका. नाव ऐकलं की रोग्याचं तोंड मिटतं, मग तुम्ही कितीही हुशार असा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ते पटलं होतं. सोमल म्हणजे उंदीर मारायचं जहर, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून मी त्याला 'नस झोपवायचं औषध' म्हणायची.

एका वर्षी ऐन आषाढात कोंढ्याहून एक बाई आली. शेतकरी घरातली थोरली सून, पस्तिशीची असेल, गालावरून पदर आवळून बांधलेला. खुर्चीत बसता बसता म्हणाली, "काढून टाका जी हा दात. तीन राती झाल्या, डोळ्याले डोळा नाई लागला."

दाढ तशी मजबूत होती. ती वाचवायची असं मी ठरवलं. दात उपटणं कोणालाही येतं, वाचवणं ही विद्या, आणि माझी विद्या दाखवायची मला त्या वयात फार हौस. तिला मी सोमल ठेवला आणि तिसऱ्या दिवशी यायचं म्हणून तीनदा बजावलं.

"येतो नं जी. काहून नाई येईन?" ती म्हणाली. दारात जाऊन परत वळली. "बाई, अंगात त नाई पसरत?"

मी माझं वाक्य सुनावलं. ती समाधानानं गेली.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी माझा पारा चढला. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! मी दुकानात जाऊन सासऱ्यांसमोर तणतणले. ते पाण्याचा एक पितळी गुंड फडक्यानं पुसत होते. म्हणाले, "सूनबाई, तू काहून चिडून राहिली? आपली घागर घेतलेलं गिऱ्हाईक वीस वर्षं येत नाई. आपण समजतो, माल चांगला होता."

"मामाजी, हा घागरीचा धंदा नाही."

"ते खरं हाय. घागर कोनाले चावत नाई."

मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं तिचा जबडा होता. दाढ वाचवायच्या नादात मी जबड्याचं हाड घालवून बसणार, आणि तेही दुसऱ्याचं.

सहाव्या दिवशी सकाळी बाई दारात हजर. चेहरा हसरा, पदर डोक्यावर, हातात फडक्यात बांधलेले वास्ते. बांबूचे ते कोवळे कोंब पावसाळ्यात आमच्याकडं मोठ्या आवडीनं खातात. ती ते मला भेट द्यायला घेऊन आली होती. मी वास्ते बाजूला ठेवले आणि तोंड सोडलं. औषधाची वेळ म्हणजे काय, डॉक्टरचा शब्द म्हणजे काय, अडाणीपणा म्हणजे काय, सगळं सुनावून झालं. ती शांतपणे "बरोबर हाय जी, बरोबर हाय" म्हणत राहिली. मग तिनं आपणहून तोंड उघडलं.

खड्डा रिकामा होता. सिमेंट नाही, कापूस नाही, लेप नाही.

"यातलं औषध कुठं गेलं?"

"काढलं नं जी. तिसऱ्याच दिवशी."

"कोणी काढलं?"

"म्याच. धानाचं रोवणं सुरू झालं, यायले सवड नाई. तुमी तर म्हनलं होतं, तिसऱ्या दिवशी काढाच लागते. मंग म्या बाभळीच्या काट्यानं काढलं."

आता बोला. ज्या बाईला मी पाव तास अडाणी म्हणत होते, तिनं माझा शब्द माझ्यापेक्षा चोख पाळला होता. तिचा जबडा सुखरूप होता. माझा जीव भांड्यात पडला. निव्वळ विचारायचं म्हणून मी विचारलं, "काढून टाकलं कुठं?"

"टाकीन कायले? एवढं गुणाचं अवशद! माह्या लहान्या जावेची दाढ ठणकून राहिली होती. तिले देलं." आणि माझा चेहरा पाहून तिला वाटलं मी स्वच्छतेची काळजी करते आहे. "हात धुऊन देलं जी. कापसासकट. वरून मेण लावलं, तुमी लावलं होतं तसंच."

यात तिचं नवल असं काही नव्हतं. आमच्याकडं कोणतंही औषध एकट्याचं नसतं. एकाच्या डोळ्यांचे थेंब अख्ख्या आळीच्या डोळ्यांत जातात. एकाला लागू पडलेल्या गोळ्यांतली अर्धी पुडी शेजारी जाते, विरजण जातं तशी. गुण आलेलं औषध घरात दाबून ठेवणारी बाई कंजूस ठरते. आणि ही तर थोरली जाऊ. धाकटी रात्रभर कण्हत असताना हिनं आपला बरा झालेला दात कुरवाळत बसायचं?

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"ठणका कमी हाय. पर हिरडी भाजल्यावानी झाली म्हनते. काल दोनदा उलटी झाली." मग सहज पुढं म्हणाली, "लेकरू चार महिन्यांचं हाय नं, अंगावर पिते, म्हून तिले इथं आनाले नाई जमलं."

मी पिशवीत चिमटा, आरसा, आयोडीन, कापूस भरला, दवाखान्याला कुलूप घातलं आणि तिच्यासोबत कोंढ्याची एस.टी. पकडली.

वाटेत ती एकसारखी बोलत होती. पाऊस कसा आला, रोपांचे पऱ्हे कसे झाले, मजूर कसे मिळत नाहीत. मी खिडकीबाहेर बघत टाचणीच्या डोक्याचा हिशोब मांडत होते. लेपातला अर्धा हिच्या दातात खर्ची पडला असेल. राहिलेल्यातला काही मेणाखाली असेल, काही झिरपून पोटात गेला असेल. तेवढ्यानं मोठं माणूस मरत नाही, हे मी शिकले होते. पण आईच्या दुधातून चार महिन्यांच्या लेकराला किती जातं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. राग मात्र येत होता, आणि तो सगळा मी या लोकांच्या वाटून खायच्या रीतीवर काढत होते. मनातल्या मनात, कारण शेजारी ती बसली होती.

"बाई, तुमी काहून बोलून नाई राहिल्या?" तिनं विचारलं.

"गाडी लागते मला," मी म्हटलं. ही आणखी एक झाकली मूठ.

घरात कोणी नव्हतं, सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होते. ही मला थेट शेतावर घेऊन गेली. पाण्यानं भरलेल्या बांधीत बायकांची ओळ कमरेत वाकून रोवत होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्रीखाली टोपलीत लेकरू झोपलेलं. मी नेसूचं सावरत धुऱ्यावरून चालायला लागले आणि दहाव्या पावलाला घसरून पिंढरीपर्यंत आत गेले. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. ओळीतली एक म्हणाली, "डॉक्टरीण बाई रोवाले आल्या वाटते!" सगळ्या खदखदून हसल्या. धाकटी जाऊसुद्धा हसली, आणि हसताना तिनं गाल हातानं धरला. तेवढ्यावरून ती कोण ते मला कळलं.

तिला धुऱ्यावर बसवलं, तोंड उन्हाकडं करायला लावलं. दाढेत मेणाची पिवळी टोपी होती आणि बाजूच्या हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा मेलेल्या मांसाचा पांढरट डाग. मी मेण काढलं, कापूस काढला, मेलेला भाग खरवडला, आयोडीन लावलं, पुन्हा पुन्हा गुळण्या करायला लावल्या. मग लेकराचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. लेकरू उठलं आणि माझ्या अंगावर मुतलं. माझ्या त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे ते ठणठणीत होतं.

"दोन दिवस लेकराला अंगावर पाजायचं नाही," मी धाकटीला म्हटलं. "दूध काढून टाकून द्यायचं."

"काहून?"

"मी सांगते म्हणून."

थोरली मध्ये पडली. तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता, ती खरंच समजून घेत होती. "पर बाई, तुमीच तर म्हनलं होतं, दातातलं अवशद दातातच राहते. मंग दुधात कसं जाईन?"

ओळीतल्या बायका पऱ्ह्यांच्या जुड्या हातात धरून उभ्या राहिल्या होत्या. मी एका पायात चप्पल, एक पाय उघडा अशी धुऱ्यावर उभी होते. अजून एखादं वाक्य सुचलं असतं. सुचलंही होतं, 'तुम्ही न विचारता दुसऱ्याच्या तोंडात दिलंच कसं', हे जिभेवर आलं होतं. पण धाकटीनं तोवर लेकरू उचलून घेतलं होतं, आणि ते पदरात तोंड खुपसत होतं.

"तो सोमल होता," मी म्हटलं.

थोरली मटकन खाली बसली, धुऱ्याच्या चिखलातच. "सोमल?" ती म्हणाली. "माह्या तोंडात?" मग धाकटीकडं पाहून, "हिच्या तोंडात?" माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी सांगतलं असतं, त म्या काट्यानं काढून इथंच गाडला असता. जावेले कायले देला असता?"

मला लाज वाटली, आणि आयुष्यात प्रथमच ती रागाचं रूप न घेता नुसती लाज म्हणून वाटली.

लेकरू रडायला लागलं. ओळीतली एक बाई बांधीतून वर आली, बोडीच्या लहानशा तळ्यात हात धुतले, पदराला पुसले आणि धाकटीच्या हातातून लेकरू घेतलं. तिचंही घरी पाच-सहा महिन्यांचं होतं. छत्रीखाली बसून ती त्याला पाजायला लागली. बसमध्ये सगळ्या वाटेनं मी ज्या रीतीच्या नावानं बोटं मोडत आले होते, तीच ही रीत. मी गुपचूप माझी चप्पल शोधायला गेले.

त्या संध्याकाळी सासऱ्यांना सगळं सांगितलं. एरवी माझी फिरकी घेतल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्या दिवशी घेतली नाही. ताट सरकवून म्हणाले, "पितळेचं भांडं विकतानाच मी गिऱ्हाइकाले सांगतो, कल्हई उडाली का यात आंबट ठेवू नका, जहर होते. आयकून अजून कोनी भांडं घ्याचं सोडलं नाई." मग हात धुवायला उठले.

पुढचे दोन दिवस मी रोज कोंढ्याला गेले. लेकरू दुसऱ्याच्या दुधावर मजेत होतं. धाकटीच्या उलट्या थांबल्या, तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लेकराला पदराखाली घेतलं. सोमलाची डबी मी वापरातून काढली.

रोवणं उरकल्यावर, महिना-सव्वा महिन्यानं, दोघी जावा लेकरासकट दवाखान्यात आल्या. धाकटीची हिरडी भरून आली होती, पण एक खाच राहिली होती. तिनं कनवटीची गाठ सोडली आणि चिंधीत गुंडाळलेली एक वस्तू माझ्या ट्रेमध्ये ठेवली. हाडाचा कपचा. चुरमुऱ्याएवढा.

"जेवता जेवता निघाला," ती म्हणाली. "हा तुमचा हाय. ठेवा."

मी ठेवला. दुसरं काय करणार होते?

मग थोरली खुर्चीत बसली, तिच्या दाढेचं काम अर्धवट होतं. मी नवी बाटली काढली, पण बूच उघडण्याआधी तिच्यासमोर धरली. म्हटलं, हे फॉर्मोक्रेसॉल. कॉलेजात मेलेले बेडूक ज्या पाण्यात ठेवतात, त्याच्या जातीचं. दातात राहिलेली घाण मारतं. हे विषच आहे. कापसावर एक थेंब घेऊन तो पिळून ठेवते. त्यातलं थोडं अंगात जाईल. किती जातं आणि पुढं काय करतं, ते मला पक्कं माहीत नाही. नको असेल तर दाढ काढून देते.

एवढं लांब मी कोणत्याच रोग्याशी बोलले नव्हते. थोरलीनं माझ्याकडं पाहिलं नाही, धाकटीकडं पाहिलं. धाकटी लेकराला मांडीवर हलवत विचार करत होती. माझ्या दाराला लागून दुकानात कोणीतरी परात वाजवून पाहत होतं.

"ठेवा," धाकटी म्हणाली. "पर कापूस काढाचा दिवस मले सांगा. हिले नोका सांगू. ही काट्यानं काढते."

थोरलीनं तोंड उघडलं.

ठरल्या दिवशी मी दवाखान्याचं दार उघडलं तेव्हा दोघी पायरीवर बसल्या होत्या, पहिल्याच एस.टी.नं आलेल्या. धाकटीनं थोरलीचं मनगट धरून ठेवलं होतं. मला पाहताच ती उठली आणि थोरलीला आत न सोडता दारातच मला विचारलं, "आज काय ठेवून राहिल्या, ते सांगा पयले."